मार्थाबायच्या बावखलातला फुटबॉल

पंप दुरुस्तीच्या दुकानात भंगार साठतं, ते भंगारवाला नेतो. किस्से नेणारा कोणी नसतो! ते इथेच पडून राहतात आणि कोणी चहाला टेकलं की आपसूक बाहेर येतात. तुम्ही टेकलाच आहात, तर ऐका.

सत्तरचं दशक संपत आलेलं. निर्मळ नाक्यावर माझं आणि पास्कूचं दुकान. वाड्यांमधले बैलांचे रहाट बंद पडून बावखलांवर मोटरी बसत होत्या. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. केळी, फुलं, भाजी, सगळं त्याच्या जिवावर. दुकानात पंप आला, की आत काय निघणार याची आम्हा दोघांना भलती उत्सुकता.

एकाचा पंप आला. "आतून टकटक आवाज येतो." उघडला, तर आत खेकडा! जिवंत, नांगी उगारून बसलेला. गिऱ्हाईक दचकून मागे सरकलं. पास्कू शांतपणे म्हणाला, "हा पार्ट आमच्याकडे मिळत नाही. हाच परत बसवू का?"

*

पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला जाळीचा व्हॉल्व्ह असतो, त्याचं खरं नाव फूटव्हॉल्व्ह. पण आमच्या अख्ख्या पट्ट्यात त्याला म्हणतात फुटबॉल. "फुटबॉल लीक आहे," "फुटबॉलमध्ये कचरा अडकला," असं सर्रास चालतं.

मुंबईहून नवे फादर आले होते. चर्चमधली रविवारची मिस्सा संपल्यावर आमचा दोस्त इनास त्यांना घाईघाईत म्हणाला, "फादर, थांबत नाही. फुटबॉल बावखलात आहे आणि त्यात मासा अडकलाय!"

 संध्याकाळी त्यांनी पोरांच्या टीममधला एक चामड्याचा बॉल इनासकडे पाठवून दिला. सोबत निरोप: "तोवर याच्यावर भागवा."

*

इनासचं दुखणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याची मोटर नवी. पहिल्याच दिवशी पाटात पाणी आलं, आणि पाण्याबरोबर चिरडलेली माशांची पिल्लं, बेडकं. त्याची आई, मार्थाबाय, पाटाशी उभी होती. तिने जाऊन बटण बंद केलं आणि बोर्डासमोर ठाण मांडून बसली.

"रहाटाच्या डब्यातून मासा वर आला तरी जिता परत जायचा. हा तुझा पंप तर चटणी करतो! पुन्हा असा एक जरी जीव वर आला, तर मोटर उचलून बाहेर."

"अगं आई, केळी करपतील!"

"मग असा पंप लाव, जो पाणी पितो, मासे खात नाय!"

केळींवरही तिचा जीव होता. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच बादलीने पाणी घालायला लागली. साठी उलटलेली बाई, आणि वाडी केवढी! खालची पानं पिवळी पडत चालली होती. मला ते बघवेना, खरं सांगतो. पास्कूला म्हटलं, "काहीतरी कर लेका, नाहीतर बाई तरी जाईल नाहीतर बाग तरी."

*

पास्कूने डोकं चालवलं. राजोडीला त्याचा मासेमारी करणारा दोस्त होता, काशिनाथ. त्याच्याकडून बारीक जाळं आणलं आणि फुटबॉलला घट्ट गुंडाळलं. एवढं करून सकाळी वर काढतो, तर जाळ्यात मासेच मासे, कल्ल्यांशी अडकलेले! मार्थाबायने नुसतं आमच्याकडे पाहिलं. शिव्या परवडल्या असत्या.

आम्ही तणतणत राजोडीला. काशिनाथने सगळं ऐकून घेतलं.

"अरे, जाळं मासे धरायला असतं, पानी गाळायला नाय! आता सांगा, माझं जाळं चांगलं हाय की नाय?"

चांगलं आहे म्हणालो आणि त्याच्याकडेच जेवून आलो.

*

मग मार्थाबायला विनवून तारेची बारीक जाळी लावली. जाळीला लगेच शेवाळ चिकटलं आणि पंप नुसती हवा ओढायला लागला. पास्कू वैतागून मोटर चालू असतानाच छातीभर पाण्यात उतरला. शेवाळ काढता काढता एकदम थांबला.

"अरे, गंमत बघ! हात फुटबॉलजवळ नेला की ओढतो. हातभर लांब धरला की काहीच नाही!"

मीही उतरलो. खरंच की! म्हणजे जाळी जवळ असली तर मासा तिला चिकटणार, लांब असली तर आरामात पोहत निघून जाणार. इतके पंप खोलले, पण ही साधी गोष्ट कधी तपासायचं सुचलं नव्हतं! आता हवा होता मोठा पिंजरा. पास्कूने घरून कोंबड्या झाकायचं डालगं उचललं. त्याची आई पुढे कित्येक दिवस गावभर कोंबड्या हुडकत फिरत होती.

डालग्यावर चढवायला मी घरातली मच्छरदाणी काढली. बायको दारात आडवी आली.

"का हो, माशांना डास चावतात?"

*

डालग्याच्या मधोमध फुटबॉल बसवला, डालगं पाण्यावर तरंगणाऱ्या रिकाम्या पिंपाला टांगलं, म्हणजे तळाचा गाळ लागायला नको. बघायला अर्धी आळी जमली. मार्थाबाय लुगडं खोचून पाटाच्या तोंडाशी. इनासने छातीवर क्रूस काढला आणि बटण दाबलं.

पाणी आलं. स्वच्छ! एक पिल्लू नाही, एक बेडूक नाही. पास्कूने माझा दंड इतका दाबला की मी ओरडणार होतो.

तेवढ्यात पाटाच्या वळणावर काहीतरी हललं. कासव! चांगलं ताटलीएवढं, पाण्यात मान वर काढून.

"बंद कर!" मार्थाबाय ओरडली.

मोटर थांबली. इनास होता तिथेच खाली बसला. पिवळ्या केळींकडे बघायचीसुद्धा त्याला हिंमत होईना.

पास्कूने कासव उचललं आणि गपचूप पाइपाच्या तोंडाला लावून दाखवलं. पाइप दोन इंची!

कोणी हसलं नाही. सगळे मार्थाबायच्या तोंडाकडे बघत होते. तिने कासव हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. पाइपात डोकावली. पुन्हा कासवाकडे बघितलं.

"हे पाइपातून नाय आलं," ती म्हणाली. "हे बघायला आलंय."

मग बावखलाच्या काठाशी गेली, कासव अलगद पाण्यात सोडलं आणि ओला हात लुगड्याला पुसला.

"इनास, कर चालू. त्याचं बघून झालं."