रेशनकार्डावरची पाच माणसं

मंडळी, आज दिव्यांग पेन्शनच्या अर्जासाठी कुबडी टेकत तहसील कचेरीचा जिना चढले. अपंगांचं टेबल वरच्या मजल्यावर! कुणाचं डोकं म्हणायचं हे?

टेबलावरच्या बाईंनी माझं रेशनकार्ड बघितलं. म्हणाल्या, "ताई, घरात पाच माणसं हायत की. भावाचा पगार धरला तर तुम्ही नियमात बसत न्हाईसा."

मी म्हटलं, "अवो, भाऊ फ्लॅटवर ऱ्हायला जाऊन चार वर्षं झाली. शिवाजी पेठेतल्या खोलीत मी एकटीच हाय."

"मग या कार्डावरनं नाव कमी करा आणि स्वतःचं वेगळं काढा. पेन्शन मिळंल."

फॉर्म घेऊन घरी आले. एकटीपुरता भात टाकला आणि कार्ड उघडून बसले. भाऊ, वहिनी, दोन भाचरं आणि सगळ्यात खाली मी. चार वर्षांत यातलं कुणी माझ्या दारात आलेलं नाही. आम्ही पाचजण अजून एकत्र आहोत, ते फक्त या कागदावर.

फॉर्म भरून झालाय. सहीची जागा तेवढी मोकळी आहे.

तुम्ही असता, तर केली असती सही?