येडशीच्या पुढं आवळलेले नट

पुण्याहून निघालो तेव्हा आत्याच्या मांडीवर नव्या साडीचं बोचकं होतं आणि तोंडी एकच विषय होता, घाणा. तिची लेक शांता कळंबला दिलेली. शांताच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. त्याआधी घरात घाणा भरतात. हळकुंडं बांधलेलं मुसळ धरून सुवासिनी उखळात हळद कांडतात. मुसळाला पहिला हात आजीनं लावायचा, असं शांतानं पत्रात लिहिलं होतं. ते पत्र आत्यानं आळीतल्या एकूणएक बायकांना वाचून दाखवलं होतं. आतोबांना दम्यामुळे प्रवास झेपत नव्हता, म्हणून तिला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर ते मी मागून घेतलं. मला गाडी पळवायची होती.

गाडी जुनी, विलायती. युद्धकाळातल्या एका ओसाड धावपट्टीवर आम्ही काही हौशी मंडळी रविवारी शर्यती लावत असू. माझ्या गाडीच्या प्रत्येक चाकामागे शॉक-अब्सॉर्बर होता. कात्रीसारखे दोन लोखंडी हात, मधे लाकडी चकत्या आणि त्यांना धरणारा एक मोठा नट. नट आवळला की गाडी ताठ होते, वळणावर झुकत नाही. सैल केला की मऊ चालते, पण डुलते. दोन महिने खपून मी शर्यतीपुरता नेमका आवळ शोधला होता आणि चारही नटांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवली होती. पुढच्याच रविवारी मोठी शर्यत होती. धावपट्टी वेगळी आणि रस्ता वेगळा, एवढी अक्कल मला होती. पण रेघ हलवायला जीव होईना.

टेंभुर्णीपर्यंत आत्या बोलत होती. बार्शीनंतर गप्प झाली. निजामी जाऊन दहाएक वर्षं झाली होती, नाकाही उठला होता, पण हद्द कुठं होती ते डोळे मिटूनही कळे, कारण तिथून रस्त्यात खड्डे नव्हते, खड्ड्यांत रस्ता होता. माघ चालू होता. दोन्ही अंगांना काळ्या रानात ज्वारी काढणीला आलेली, अधूनमधून हुरड्याचा धूर. मी हे सगळं आत्याला मोठ्यानं दाखवत होतो. ती "हो, छान आहे" म्हणे आणि पुढच्या सीटची पाठ धरून बसे. मला वाटलं, तिला डुलकी येतेय.

येडशीच्या चढावर रामलिंगाची झाडी लागली आणि इंजिनातून वाफ निघाली. गावात स्टेशनाजवळ मौलाभाई मिस्त्री भेटले. साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. पूर्वी एका जहागीरदाराच्या मोटारी सांभाळायचे, आता ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे बदलायचे. रबरी नळी फाटली होती, ती त्यांनी बांधून दिली. तेवढ्यात आत्या खाली उतरली. दार धरून उतरली आणि दार धरूनच उभी राहिली. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, मग वाकून चाकामागं पाहिलं.

"सायेब, शाकप कुणी आवळले?"

"मीच. शर्यतीसाठी."

"शर्यतीत मागं कोन बसतंय?"

"कोणी नाही."

त्यांनी काठोकाठ भरलेला तांब्या मागवला, तो मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले आणि मला म्हणाले, "चला, फर्लांगभर." परत आलो तेव्हा त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. मला पुढं तसं काहीच जाणवलं नव्हतं.

"लई वर्सं म्या असंच बघतोय," ते म्हणाले. "चालवणाऱ्याला इचारून शाकप लावायचा न्हाय. त्याच्या हातात चाक असतंय, त्याला धक्का आधी दिसतो. मागच्याला दिसत न्हाय. आवो, आक्काच्या कमरेचा तरी इचार करायचा."

आत्या झाडाखालच्या दगडावर बसली होती. तिच्यासमोरच त्यांनी पाना लावून चारही नट दोन-दोन फेरे सैल केले. पुन्हा तांब्या भरला, पुन्हा फर्लांगभर गेलो. या वेळी पाणी नुसतं हिंदकळलं. मग त्यांनी आम्हाला माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ पेय) पाजलं. आत्यानं त्यांना घाण्याचं सगळं सांगितलं. "आक्का, पयला हात तुमचाच," ते म्हणाले. तिच्या चेहऱ्यावर सकाळचा रंग परत आला.

गाडी आता होडीसारखी चालत होती. आत्या मागं गुणगुणू लागली. मला मात्र राग येत होता. वळणावर गाडी झुकली की माझ्या दोन महिन्यांवर कुणी पाणी ओतलंय असं वाटे. त्यात एक एस.टी. आम्हाला मागं टाकून गेली आणि खिडकीतली दोन माणसं हसली. कशाला हसली देव जाणे. मी गाडी बाजूला घेतली, "जरा चाक बघतो" म्हणालो आणि पाना काढला. आत्या पाय मोकळे करायला उतरली, माझ्याजवळच उभी राहिली. चारही पांढऱ्या रेघा जुळेपर्यंत मी नट आवळले.

"झालं का रे?" तिनं विचारलं.

"झालं. आता ठीक आहे."

ती गाडीत जाऊन बसली. कळंबच्या अलीकडे मी त्या एस.टी.ला गाठलं. तिला मागं टाकताना समोर मोरीचा उंचवटा आला. गाडी उडाली, आपटली. मागून "आई गं" एवढंच ऐकू आलं.

शांताच्या दारात आत्याला दोघींनी धरून उतरवलं. तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. डॉक्टरांनी वीस दिवस पाठीवर पडून राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अंगणात घाणा भरला. आत्या आतल्या खोलीत होती, दार उघडं ठेवलं होतं. मुसळाला पहिला हात शांताच्या जावेनं लावला. एक म्हातारी माझ्याकडे बघत म्हणाली, "मोटार लई हाणली वाटतं." आतून आत्याचा आवाज आला, "त्याला बोल लावू नका. माझ्यासाठी वाटेत दोनदा थांबला, गाडी मऊ करायला." मग शांताच्या नवऱ्यानं मला पाटावर बसवून फेटा बांधला. मी तो बांधून घेतला. त्या क्षणी खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी मान पुढं केली.

रविवारी शर्यतीला गेलो नाही असं लिहायला मला आवडलं असतं. गेलो. दुसरा आलो.

वीस दिवसांनी तिला आणायला गेलो तेव्हा नट सैल केले होते, इतके की गाडी म्हशीसारखी डुलत होती. येडशीला मौलाभाई रस्त्याकडेला काम करताना दिसले. त्यांनी हात वर केला. मी थांबलो नाही. आत्या तेवढं म्हणाली, "थांबायला हवं होतं."

पुण्यात दिवेलागणीला पोचलो. आतोबा ओट्यावर वाट बघत होते. "घाणा कसा झाला?" त्यांनी विचारलं. "छान झाला," ती म्हणाली. ते कंदील आणायला आत गेले. आत्या गाडीचं दार धरून माझ्याजवळ उभी होती.

"मिस्त्री पाना डावीकडं फिरवत होता," ती हळूच म्हणाली. "तू उजवीकडं फिरवलास. मी समोरच होते रे."

मी मागच्या चाकाकडे पाहिलं.

"तेव्हाच म्हणणार होते, नको आवळू. पण वाटलं, त्याची गाडी, त्याची हौस. आणि कळंबला पडल्या पडल्या रोज वाटायचं, आज हा पत्र लिहील. शांताला म्हणायचे, टपाल बघ गं."

एवढं बोलून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मायेनं ठेवला असं मला वाटलं. पण तिला पायरी चढायची होती आणि धरायला दुसरं काही नव्हतं.