आधी सेटिंग, मग अक्कल

वडील मार्केट यार्डात हमाल. घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच. ती पदवी घेऊन वर्षभर घरी बसलो होतो. तेव्हा बुधवार पेठेतल्या एका माडीवर मल्टिमीडियाचा क्लास चालवणारे सर भेटले. पुण्यात संगणक शिकवणारे शेकड्यांनी झाले असतील, पण संगणकाला शिस्त लावणारा माणूस हा एकच, असं माझं ठाम मत आहे.

चित्रं हलवायची, त्यांना हुकूम सोडणारी स्क्रिप्ट लिहायची आणि शेवटी सगळं कुणालाही बघता येईल अशा फाइलीत काढायचं, म्हणजे पब्लिश करायचं, हा आमचा अभ्यास. दुसऱ्या क्लासांत पोरं पहिल्याच दिवशी पडद्यावर चेंडू उडवत. आमच्याकडे पहिला आठवडा नुसत्या सेटिंग्जचा. स्क्रिप्टचं अक्षर अठराच्या आकाराचंच हवं. सर म्हणत, "अहो, कोड वाचायचा असतो, हुंगायचा नसतो." हुकमाचे शब्द निळे, वाचणाऱ्यासाठी मधे लिहिलेले शेरे करडे. एकाने हौसेने गुलाबी केले, तर सर म्हणाले, "कुणाचं लग्न आहे?" पब्लिश करताना, फाइल ज्यावर चालते त्या प्लेअरची आवृत्ती दोन पिढ्या जुनी निवडायची, कारण "गिऱ्हाईक आपल्यासाठी नवा संगणक घेणार नाही." आणि 'लूप'वरची खूण न चुकता काढून टाकायची, नाहीतर चित्र संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे तपासायला कोपऱ्यात कापड पांघरलेला एक म्हातारा संगणक होता. त्यावर चाललं तरच पास. तो सुरू होईपर्यंत सर खाली जाऊन चहा पिऊन येत.

नोकरीच्या मुलाखतीला मी सीडी करून नेली. पाठीवर गोणी घेतलेला हमाल फळीवरून ट्रकवर चढतो आणि गोणी ठेवतो, एवढंच. तिथला संगणक जुनाट निघाला. माझ्या आधीच्या दोघांच्या सीडी उघडल्याच नाहीत, माझी धावली. हमालाने गोणी ठेवली, आणि गडी पुन्हा खाली, गोणीसकट उभा! घाईत लूपची खूण काढायची राहिली होती. चौथ्या खेपेला साहेबांनी विचारलं, "हा थांबणार कधी?"

"मला नोकरी लागली की," मी बोलून गेलो. "वडील आहेत माझे."

पेढे घेऊन गेलो, तर सर म्हणाले, "अभिनंदन. लूपची खूण का राहिली?" मी सगळं सांगितलं. मग पेढा हातात तसाच धरून ते बराच वेळ म्हाताऱ्या संगणकावरचं कापड सारखं करत राहिले.

आता तो क्लास नाही, ते सॉफ्टवेअरही नाही. नवा संगणक हाती आला की मी मात्र आधी अक्षर अठराचं करतो आणि मागून कुणी काही बोलतंय का, याची क्षणभर वाट बघतो.

मला नोकरी लागली त्याच वर्षी वडिलांनी गोणी उतरवली. पुन्हा उचलली नाही.