रुमालाखालचा भाव

मोनिकाबाय गेली, हे सांगायला कुणी आलंच नाही. पालीच्या देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, मयताची घंटा ऐकली आणि हातातलं सूप तसंच खाली ठेवलं... महिना होत आला, अजून तिच्या दारावरून जाताना मी मान वळवते. माझी थोरली बहीण ती. या अंकाच्या संपादकांनी तिच्याविषयी चार शब्द मागितले आहेत. लिहिते, पण माझी लाजही लिहिणार, नाहीतर या लिहिण्याला काय अर्थ?

आमच्याकडे सुके बोंबील घ्यायला तीन व्यापारी येत. भाव तोंडाने बोलायचा नाही अशी रीत होती. व्यापारी रुमाल टाकी, त्याखाली आपला हात धरी आणि बोटं दाबून भाव सांगे. हात तिघांचे, भाव मात्र नेहमी एकच. वाटेतच ठरवून येत, हे आंधळ्यालाही कळत होतं. माल कडकडीत वाळवा की रेती चिकटलेला द्या, तेवढंच मिळायचं. मग निवडत कोण बसतंय? बाय म्हणायची, "घेणारे एक झाले का गाव हाय तिथंच बसतो. नवी होडी कशाच्या जीवावर बांधणार?" एका वर्षी तिने रुमालाखालून हातच काढून घेतला. म्हणाली, "मोठ्याने बोला, सगळ्यांना ऐकू दे." तिघं उठून गेले. तिच्या शब्दाखातर बायकांनी माल धरून ठेवला. चौथा व्यापारी आणायला ती शिडाच्या होडीने दोनदा वसईला गेली, दोनदा हात हलवत परत आली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा... मी कच खाल्ली. दमट हवेने बोंबील मऊ पडत होते. त्या तिघांतल्या एकाला परसात बोलावलं आणि रुमालाखाली हात दिला. सख्खी बहीण मी! माझं बघून आणखी चौघींनी दिला.

त्याच संध्याकाळी ती चौथ्याला घेऊन आली. होडीभर माल मिळेल म्हणून आणलेल्या त्या माणसापुढे तिला मान खाली घालावी लागली. तरी त्याने उभ्याने भाव पुकारला, आणि हळूहळू बाकीचे तिघंही पुकारू लागले. आता चांगल्या मालाला जास्त मिळतं म्हणून बायका निवडतात, उलटून वाळवतात; किनाऱ्यावर दोन नव्या होड्या आहेत. त्या संध्याकाळी बोंबील वाळत घालायच्या माझ्या रिकाम्या बांबूंकडे बघून ती एवढंच म्हणाली, "जेवलीस का?" पुढे कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

शेवटच्या दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. गोधडीखाली तिने माझा हात चाचपला आणि मी तो झटकन ओढून घेतला... इतक्या वर्षांनी. ती हसली. "अगो, भाव न्हाय सांगत. थंडी वाजते."

ती गोधडी आता माझ्याकडे आहे. दुपारी घरात कुणी नसलं की तिच्याखाली हात घालून बसते.