पुढच्या बाकावरची हुशारी

विशेष शिक्षिका म्हणून पलूसकडच्या शाळा फिरते मी. हुशार मुलं शोधायला निघालं की मुलं कमी आणि किस्से जास्त सापडतात! डबा उघडला की मैत्रिणी विचारतात, "सांग गं, आज काय झालं?" आज हसायच्या मूडमध्ये नाही, तरी सांगते.

*

एका शाळेतून तालुक्याच्या प्रज्ञा चाचणीसाठी मुलं पाठवायची होती. हेडमास्तरांनी अख्खा पुढचा बाक उभा केला. "हे घ्या, हुशार!"

त्यातल्या एकाकडं बघून मी म्हटलं, "सर, याला तर बडबड करतो म्हणून तुम्ही पुढं आणून बसवलंय."

"व्हय. आता करत न्हाई. म्हंजे हुशारच झाला की!"

*

मला हवी होती मागच्या बाकावरची सानिका. वाचताना ती प्रत्येक शब्दाला अडखळते. पण तेच कोडं तोंडी घाला, उत्तर तयार! तिचे वर्गशिक्षक म्हणाले, "मॅडम, ती लय प्रश्न विचारते. हुशार मुलांना सगळं कळलेलं असतं, ती कशाला विचारतील?"

हे वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं माझं.

*

पुढं पालकसभेत याच गुरुजींनी सानिकाच्या आईला सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरगी मंद आहे."

मेंढरं दिरावर सोपवून आलेली ती बाई ताडकन उठली. "आवं गुरुजी, घरातला मिक्सर खोलून नीट केला तिनं. तुमच्या वर्गातला पंखा कवापासनं बंद हाय? तुमच्या हुशार पोरांस्नी दावला का?"

त्यानंतर गुरुजींनी चहा मागवला.

*

मग मी हेडमास्तरांना गाठलं. वाचताना अडखळणाऱ्या मुलांना प्रश्न वाचून दाखवायची सवलत नियमातच आहे, असं सांगितलं.

"वाचून दाखवायचं? मग ती हुशारी कसली?"

"सर, चष्मा काढा आणि हा नियम मला वाचून दाखवा."

"चष्म्याबिगर कसं दिसंल?"

"मग तुमची हुशारी कसली?"

सर लालेलाल झाले. "ठीक हाय! शाळेतच चाचणी घेऊ. पण प्रश्न मी वाचणार, तुम्ही लांब उभं राहायचं. एक जरी अडला, तर तिचं नाव कट!"

*

सर खणखणीत आवाजात वाचत होते आणि सानिका धडाधड उत्तरं देत होती. घाम मला फुटला होता. शेवटचं कोडं लांबलचक होतं. रांगेत कोण कुणाच्या शेजारी बसलंय, ते ओळखायचं. सरांनी ते एका दमात वाचलं.

सानिका गप्प.

सरांनी माझ्याकडं बघितलं. "अडली!" म्हणत पेनाचं टोपण काढलं.

"सर," सानिका म्हणाली, "सीमा कुठं बसली, ते तुमी सांगितलंच न्हाई. एक ओळ ऱ्हायली."

"छापलंय तेच वाचतोय मी!"

"परत बघा की सर. मलाबी वाचताना सुटती एखादी."

सरांनी कागद जवळ घेतला. मग पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द सावकाश वाचायला सुरुवात केली.