आईला तेलुगू येत नव्हती

आमच्या गावात सरकारी कामाला कोणी एकटं जात नाही. तामसीहून आदिलाबादची बस धरायची आणि काम ऑफिसातलं किंवा दवाखान्यातलं असेल, तर सोबत एक 'बोलणारं' माणूस लागतं. म्हणजे तेलुगू येणारं. वस्ती सगळी मराठी आणि खुर्चीतला साहेब तेलुगू, मधे कोणीतरी हवंच. बाबांनी मला सहावीत तेलुगू शाळेत घातलं आणि दोन वर्षांत मी अख्ख्या वस्तीची बोलणारी झाले. जमिनीची पहाणी, म्हणजे इकडचा सातबारा असो, कोणाच्या मुलाचा जातीचा दाखला असो, नाहीतर शेजारच्या काकूच्या पोटातलं दुखणं असो, पुढे मी उभी आणि ज्याचं काम तो माझ्या मागे.

हे काम नुसतं भाषेचं नसतं. साहेब खेकसला, "अक्कल आहे का? किती वेळा सांगायचं?" की मागे वळून म्हणायचं, "उद्या या म्हणतात." मागून काकू पुटपुटली, "मुडदा बशिवला याचा," की साहेबाला सांगायचं, त्या विनंती करताहेत. दोन्हीकडचं तिखट मधल्यामधे मी गिळायची. त्यानं कामं होत. लोक म्हणत, पोरगी हुशार आहे. मलाही तसंच वाटे, आणि त्याचा थोडा माजही होता.

एम.एस्सी.ला मी आदिलाबादलाच विद्यापीठाच्या कॉलेजात होते, हॉस्टेलवर राहून. दुसऱ्या सत्रात माझं बिनसलं. काय बिनसलं, असं कोणी विचारलं की मला आजही राग येतो. कोणी फसवलं नव्हतं, कोणी मारलं नव्हतं. पुस्तकाचं एक पान वाचायला सकाळ जायची आणि शेवटी काही कळलेलं नसायचं. भाताचा वास नको व्हायचा. तीन-तीन दिवस अंघोळ नाही. खोलीतल्या मुली तासाला गेल्या की मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. फोनवर आईला मात्र रोज सांगायची, जेवले, अभ्यास चालू आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वॉर्डनबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी मला समुपदेशनाच्या मॅडमकडे धाडलं. मॅडम दर गुरुवारी यायच्या. त्यांची खोली खेळाच्या सामानाच्या खोलीला लागून होती आणि भिंतीपलीकडे कोणीतरी सतत कॅरमच्या सोंगट्या आपटत असायचं. मॅडम खम्ममकडच्या. मराठी शून्य, हिंदी 'आओ, बैठो' इतकीच.

पहिल्या गुरुवारी मी त्यांच्यासमोर बसले आणि सवयीनं सुरू केलं, "मॅडम, आमच्या हॉस्टेलात एक मुलगी आहे. तिचं अभ्यासात लक्ष लागत नाही." त्यांनी मला अडवलं नाही. ती मुलगी जेवते का, झोपते का, तिला कशाची भीती वाटते का, असं त्या विचारत गेल्या आणि मी तिच्या वतीनं चोख उत्तरं देत गेले. दुसऱ्या गुरुवारीही तेच. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही माझी तऱ्हा. तिसऱ्या गुरुवारी मी खुर्चीत टेकते न टेकते तोच त्यांनी विचारलं, "आज ती मुलगी आली आहे का?"

"आली आहे," मी म्हटलं. मग मी ते तेलुगूत सांगून टाकलं. बतकालनिपिंचट्लेदु. जगावंसं वाटत नाही. वाक्य सहज बाहेर आलं. तेलुगूत मी आयुष्यभर दुसऱ्यांचीच दुःखं सांगत आले होते, हेही तसंच, दुसऱ्या कोणाचंतरी वाटलं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी त्यांचा नियम सांगितला होता. इथलं बोलणं इथंच राहील, पण जिवाला धोका आहे असं वाटलं तर घरच्या एका माणसाला कळवावं लागेल. ते माणूस कोण, हे तूच ठरव, असं त्या आता म्हणाल्या. बाबा बोथच्या मंडल ऑफिसात, म्हणजे तहसीलीत, कारकून आणि राहायलाही तिकडेच, तेलुगू फाडफाड बोलणारे. मी आईचं नाव सांगितलं. कारण सरळ होतं, आईला तेलुगू येत नव्हती. ती आली तरी बोलणारी मीच असणार होते. इतकी मी कावेबाज होते, आणि तीही अशा वेळी.

मॅडमनी समोर बसवून माझ्याकडूनच फोन करवला आणि दुसऱ्याच दिवशी आई सकाळच्या बसनं आली. मॅडम खास तिच्यासाठी थांबल्या होत्या. आईनं दारातून "जयभीम" केलं, मॅडमनी नमस्कार केला, आणि आई खुर्चीच्या कडेवर बसली, साहेबाच्या ऑफिसात बसायची तशी.

मॅडम हळूहळू बोलल्या आणि बराच वेळ बोलल्या. तुमच्या मुलीला मनाचा आजार आहे, तिला मरावंसं वाटतं, डॉक्टरांची गोळी लागेल, काही दिवस घरी न्या, तिला एकटं सोडू नका. आणि घरात कापसावर फवारायचं औषध असेल तर ते आजच घराबाहेर, कुलपात ठेवा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी म्हटलं तसंच सांग."

मी आईकडे वळले. "अशक्तपणा आहे म्हणतात. थोडे दिवस घरी आराम करायला सांगितला आहे."

फवारणीचं औषध मी सांगितलं नाही. ते मी विसरले नव्हते, हे इथं लिहिलंच पाहिजे. ते आमच्या मागच्या खोलीत, फळीवर होतं, आणि ते तिथंच राहावं असं मला वाटत होतं.

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "त्या बाई येवढ्या येळच्या बोलून राह्यल्या, अन तुझं एका घासात सरलं?"

"तेलुगू लांबच असते, आई."

"मले शिकवू नको. तहसीलीत तू कापून सांगतं हे मले ठाऊक हाये. तिथं चालते. इथं कापू नको."

मॅडमना शब्द कळले नाहीत, पण काय चाललंय ते कळलं. पलीकडे सोंगट्या वाजत होत्या. मला आईचा भयंकर राग आला. आणि तिला हे सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं, याची लाजही वाटली. ते तेलुगूतलं वाक्य आता मराठीत सांगायचं होतं. मराठीत ते मी मनातल्या मनातसुद्धा म्हटलेलं नव्हतं.

"आई, मले जगाव वाटत नाही."

मराठीत ते माझंच होतं.

आई रडली नाही, जवळही आली नाही. तिनं विचारलं, "कवापासून?"

"डिसेंबरपासून."

"सुट्टीत घरी आलती, तवा बी?"

"हो."

"अन मी तुले कापूस वेचाले लावला." तिनं पदर तोंडाशी धरला, पुन्हा खाली घेतला. "काऊन नाही सांगितलं व मले?"

मग मी बाकीचंही सांगितलं. गोळी, एकटं न सोडणं आणि फळीवरचं औषध. औषधाचं ऐकल्यावर तिनं टेबलाची कड धरली. मग ती म्हणाली, "विचार बाईले, मायं काय चुकलं."

मी ते तेलुगूत सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. इतक्या वर्षांच्या बोलणारीपणात हे पहिल्यांदाच. मॅडम आईकडे वळल्या आणि थेट तिच्या डोळ्यांत बघून बोलल्या. तुमचं काहीच चुकलेलं नाही. पोरगी अजून तुमच्याशी बोलते आहे. हा आजार आहे आणि तो बरा होतो. मी तेही जसंच्या तसं सांगितलं.

आईनं आधी मॅडमकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "त्या म्हणल्या, का तू लावलं पदरचं?"

"त्याच म्हणाल्या, आई."

"शपत?"

"शपथ."

मॅडम काय चाललंय असं विचारत होत्या. मी त्यांना सांगितलं, की आई माझ्यावर विश्वास ठेवत नाही. त्या तेच पुन्हा म्हणाल्या, हातवारे करून, मान हलवून. आई ऐकत होती, पण तिची नजर त्यांच्यावरून सारखी माझ्यावर येत होती. मी कुठे गाळते आहे, कुठे गोड करते आहे, हे ती शोधत होती. मी काहीच गाळलं नव्हतं, आणि हे तिला पटवून देण्याचा माझ्याकडे एकही उपाय नव्हता.

घरी पोचल्यावर तिनं आधी मागची खोली गाठली. औषधाचा डबा त्याच संध्याकाळी मामाकडे गेला. बाबांना तिनंच फोन करून सांगितलं. मला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, मी एक सत्र घरी राहिले आणि मग परत हॉस्टेलला गेले. दर गुरुवारी मॅडमकडे जात राहिले. माझी पदवी एक वर्ष उशिरानं झाली.

आता मला नोकरी आहे, आणि बहुतेक दिवस मला बरं वाटतं. आई त्या दिवसाबद्दल बोलत नाही. फक्त कधीतरी भाजी निवडताना किंवा अंगणात पाणी मारताना ती मधेच थांबते आणि विचारते, "त्या बाई खरंच तसं म्हणल्या होत्या? मायं काही चुकलं नाही म्हून?"

मी हो म्हणते. ती मान डोलावते आणि हातातल्या कामाला लागते. मग काही महिन्यांनी पुन्हा विचारते.