डावखुरीनं रिव्हॉल्व्हर भरायचं कसं

सारिका, आज फोन मी केलाय, तेव्हा खुर्ची ओढून बस आणि नीट ऐक. काल फोन केलास तो असा घाईत, आणि बोललीस काय, तर म्हणे, "आत्या, मी आता उजव्या हातानंच गोळी मारायला शिकते, म्हणजे कटकट मिटेल." शहाणीच आहेस. फौजदार व्हायला निघालीस आणि फायरिंग शिकवणाऱ्या उस्तादाच्या ओरडण्याला भ्यालीस? मीही डावखुरीच आहे, विसरलीस का?

सांगलीच्या फायरिंग बटवर मी भर उन्हात उभी होते. बट म्हणजे मातीचा उंच बांध. त्याच्यापुढं टार्गेट लावायचं आणि गोळ्या मारायच्या. साहेब माझ्याकडं बोट दाखवून म्हणत होते, "त्या बाईंना लाइनीतून बाहेर काढा."

मला काढलं. रिव्हॉल्व्हर काढून घेतलं. मी बाभळीखाली जाऊन बसले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हवालदाराची मी नुकतीच फौजदार झाले होते. त्याआधी किती वर्षं कंट्रोल रूमला फोन उचलत होते, विचारू नकोस. कान दुखायचे. तुझे काका विट्याच्या शाळेत मास्तर होते आणि मी सांगलीत. विट्याजवळची एक चौकी रिकामी होती. ती मला द्यायचं ठरत होतं, पण चौकीचा इन्चार्ज म्हणजे कमरेला रिव्हॉल्व्हर हवं. आणि रिव्हॉल्व्हर मिळायचं तर फायरिंग पास. नाहीतर परत फोन.

नेम माझा वाईट नव्हता. लोणंदला लहानपणी दगड मारून चिंचा पाडल्यात मी, डाव्या हातानं. घोटाळा व्हायचा तो भरताना.

रिव्हॉल्व्हरला मधे सहा घरांचं चाक असतं, त्याला सिलिंडर म्हणतात. डाव्या अंगाला एक कळ असते. ती दाबली की सिलिंडर डावीकडं बाहेर येतो. मग पुढचा रॉड दाबायचा, रिकाम्या पुंगळ्या खाली पडतात, नवी काडतुसं भरायची, बंद करायचं. कळ उजव्या अंगठ्याला बरोबर सापडते, कारण बनवणाऱ्यानं उजवा माणूसच डोळ्यांपुढं ठेवला.

आमचे उस्ताद मुल्ला. शिकवायचे ते हुकमावर. ते ओरडायचे, "हात बदल!" की सगळी लाइन एकदम रिव्हॉल्व्हर उजव्या हातातनं डाव्या हातात घ्यायची. उजवा मोकळा झाला की भरायचं. मीही हुकूम पाळला. बदलला हात. म्हणजे सगळ्यांचं रिव्हॉल्व्हर डाव्या हातात आणि माझं एकटीचं उजव्या. काडतुसांचा पाऊच सरकारी, तो उजव्या कमरेला. डावा हात पोटावरनं तिकडं न्यायला गेले, अंग वळलं आणि नळी शेजारच्या जाधवांच्या पोटाकडं.

रिकामं होतं. पण नळी टार्गेट सोडून हलली की माणूस लाइनीच्या बाहेर. भरलेलं असो, रिकामं असो. नियम बरोबरच आहे.

जाधव बाभळीखाली पाणी प्यायला आले. "मॅडम, माझ्यावर काय राग हाय का? सांगा तरी."

"राग असता तर भरून वळले असते," मी म्हणाले.

मुल्ला उस्ताद मागनं आले. तेही दमलेले. सकाळपासनं ओरडून घसा बसलेला.

"आवं बाई, उजव्यानं मारा की. आजपातुर एकच डावरा गावला मला. त्यो गप उजव्यानं शिकला."

"पास झाला?"

"न्हाई."

मुल्लांनी टोपी काढून घाम पुसला.

"जेवणानंतर एकदा उभं करतो तुमाला," ते म्हणाले. "फुडं मातूर साहेब न्हाई ऐकायचं."

डबा उघडायची इच्छा नव्हती. मी उस्तादांसमोरच त्यांचं रिकामं रिव्हॉल्व्हर आणि रिकाम्या पुंगळ्या घेतल्या आणि बांधाकडं तोंड करून भरायला लागले. हात बदल, उघड, भर. परत. परत. एवढी कंटाळले, की एकदा हात बदललाच नाही. तसंच डाव्यात धरून ठेवलं. ट्रिगरवरचं बोट काढून त्याच बोटानं कळ दाबली. उजव्या हातानं सिलिंडर बाहेर ढकलला, तळव्यानं रॉड दाबला. पाऊच तर उजवीकडंच होता. नळी जागची हलली नाही.

मी उस्तादांकडं बघितलं. ते भाकरी चावायचे थांबले होते.

"उलटं हाय," ते म्हणाले. "पर बसतंय."

दुपारी लाइन लागली. सहा राऊंड मारले. "हात बदल!" सगळे हलले, मी हलले नाही. भरून, बंद करून उभी राहिले. जाधव अजून चाचपडत होते. साहेब मागनं चालत आले.

"बाई, हुकूम ऐकू आला नाही?"

"आला सर."

"मग हात का नाही बदलला?"

"ज्या हातात घ्यायचं, त्याच हातात आहे सर आधीपासनं."

साहेबांनी मुल्लांकडं पाहिलं. मुल्ला म्हणाले, "नळी फुडंच हाय, साहेब. मी बगितली."

साहेब म्हणाले, "मारू दे त्यांना."

उरलेले मारले. टार्गेट बघून आले तर पास. साहेब जाता जाता एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी हात बदलल्यासारखं तरी करा. लाइन वाईट दिसते."

चौकी मिळाली. पुढं दर वर्षी नवे साहेब आले, दर वर्षी तेच समजावणं. मग कंटाळून, "हात बदल" असा हुकूम आला की मी उजव्या हातानं रिव्हॉल्व्हरला नुसती एक थाप द्यायचे. लाइन छान दिसायची. रिटायर होईपर्यंत दिली. डाव्या कमरेचं होल्स्टर मात्र खात्याकडनं कधी आलं नाही. मागायचंही दमून सोडून दिलं.

तेव्हा तू हात बदलू नकोस, थाप द्यायला शिक. उस्तादांना आधी रिकामं भरून दाखव, नळी सरळ ठेव, उलटून बोलू नकोस.

आणि हे फोनवर जमायचं नाही. सुट्टी मिळाली की थेट विट्याला ये, मी उभी राहून बोटं कशी ठेवायची ते दाखवते. शेंगांची आमटी करते. लवकर ये बाई, माझ्यानं आता फार वेळ उभं राहवत नाही.